लेबल होते, तरीही : वेंगुर्ल्यातील एका त्वचानिगा इन्फ्लुएन्सरचे प्रकरण

प्रकरणाची सुरुवात माझ्या औषधांच्या दुकानात झाली. मे २०२४ चा शेवटचा आठवडा होता. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढण्याची घाई चालली होती, आणि बाजारात मासे विकणाऱ्या एक काकी भर दुपारी पदराने तोंड झाकून दुकानात आल्या. पदर बाजूला केला तेव्हा दोन्ही गाल लालबुंद झालेले, त्यांवर बारीक पुरळ आणि हनुवटीवर पूर्वी नसलेली लव दिसली. त्यांनी कनवटीतून एक रिकामी डबी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "बाय गो, ही डबी आता खयच गावणा नाय. ह्येच्यापेक्षा जोरदार काय आसात तर दी."

डबीवर गुलाबी फूल होते, 'नाइट क्रीम' असे शब्द होते आणि सात दिवसांचे आश्वासन होते. घटकांची यादी नव्हती, उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, बॅच क्रमांकाच्या जागी पुसट शिक्का होता. ही कुठून घेतली, असे विचारल्यावर काकींनी त्यांच्याच वाडीतल्या एका तरुणीचे नाव घेतले. तिचा व्हिडिओ सुनेच्या मोबाइलवर पाहिला होता आणि डबी एका पार्लरमधून आणवली होती. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "आपल्या वाडीतला चेडू खोटा कित्या सांगात?"

ती तरुणी खोटे बोलली नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले. तिच्या आणि काकींच्या संमतीने ते लिहीत आहे. दोघींची नावे, क्रीमचे नाव, कंपनी आणि पार्लर यांचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही.

तरुणीने सावंतवाडीत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आणि घरच्या अडचणीमुळे पुढे न शिकता एका काजू कारखान्यात हिशेबनीस म्हणून काम धरले. कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात पाहून तिला पहिला व्हिडिओ सुचला. काजूच्या टरफलातल्या डिकात, म्हणजे तेलकट चिकात, अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. त्याने कातडी काळी पडते, सोलवटते, कधी फोड येतात. आंबा आणि काजू एकाच कुळातले असल्यामुळे आंब्याचा चीक लागून ओठांभोवती उठते तेही बहुतांशी त्याच जातीच्या रसायनांचे काम. हे तिने मालवणीत, हातात कोयती धरलेल्या एका मावशींना शेजारी बसवून सांगितले. फोडायला बसण्याआधी हाताला तेल लावा, शक्य असेल तिथे हातमोजे घाला, डीक लागला तर लगेच साबणाने धुवा आणि उठलेल्या जागी लिंबू मुळीच चोळू नका, एवढाच त्यातला सल्ला होता. पुढे कोकमाच्या मुठेलावर, म्हणजे बियांच्या घट्ट तेलावर, तिने केलेला व्हिडिओही लोकांना आवडला. भेगाळलेल्या टाचांना ते चांगले, पण त्याने वांग जात नाही, असे तिने त्यात स्पष्ट सांगितले होते. वर्षभरात तिचे १८ हजार फॉलोअर झाले. त्यांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या बायका होत्या आणि मुंबईत राहणारे चाकरमानी होते. या काळात तिला कोणाकडूनही एक रुपया मिळालेला नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या क्रीमसाठी विचारणा झाली. एक रील आणि दोन स्टोरी यांचे १२ हजार रुपये मिळणार होते, म्हणजे कारखान्यातल्या तिच्या महिन्याच्या पगारापेक्षा थोडे जास्तच. तिने लगेच होकार दिला नाही. डबी मागवली, नऊ दिवस स्वतः लावली, रोज सकाळी त्याच खिडकीपाशी फोटो काढला. चौथ्या दिवसापासून चेहरा मऊ आणि उजळ दिसू लागला, कपाळावरचे दोन मुरूम बसले. कंपनीने पाठवलेल्या संहितेतला 'गोरेपणा' हा शब्द तिने खोडून 'तजेला' केला, फिल्टर वापरणार नाही असे कळवले आणि व्हिडिओवर 'पेड पार्टनरशिप' हे लेबलही लावले. भारतीय जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२१ पासून लागू आहेत. त्यांनुसार पैसे, भेटवस्तू किंवा अन्य लाभ घेऊन केलेल्या मजकुरावर तसे ठळकपणे सांगावे लागते आणि दाव्याचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टर चालत नाही. ही तत्त्वे तिने वाचली होती आणि पाळलीही होती.

मग चुकले कुठे? मला दोन ठिकाणे दिसतात, आणि दोन्ही सहज नजरेआड होणारी आहेत.

पहिले ठिकाण त्या नऊ दिवसांचे. जी क्रीम चार-पाच दिवसांत चेहरा उजळवते तिच्याबद्दल आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी, हे औषधांच्या धंद्यात असलेल्या माणसाला कळते. बाहेरच्याला कळण्याचे कारण नाही. तीव्र स्टिरॉइडचे मलम लावले की रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, रंगद्रव्य तयार होण्याचे प्रमाण घटते, आणि चेहरा थोड्याच दिवसांत गोरा व नितळ दिसतो. चेहऱ्याची कातडी मुळात पातळ असते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात जबड्याच्या कडेची त्वचा हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड सुमारे १३ पट शोषते असे आढळले होते. काही आठवडे, काही महिने असे मलम लावत राहिले की कातडी आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमासारखे पुरळ आणि लव येते, ऊन सोसत नाही. आणि ते थांबवले की लाली आणि जळजळ उसळून येते. त्या त्रासाने घाबरलेली बाई पुन्हा तीच डबी शोधते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आहे, इतके असे रुग्ण त्यांच्याकडे येतात. नवव्या दिवशीचा फोटो खरा होता; पाचव्या महिन्याचा चेहराही तितकाच खरा होता. तिने पहिला दाखवला, आणि दुसरा असू शकतो हे तिला ठाऊक नव्हते.

इथे माझ्या धंद्याबद्दलही सांगणे भाग आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमे 'एच' परिशिष्टात आणली आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची पळवाट बंद केली. त्याआधी माझ्या दुकानातूनही अशा ट्यूब नुसत्या नावावर मागितल्या जात आणि दिल्या जात. वांगासाठी नेलेली ट्यूब कोणी वर्षभर लावत असेल, हा विचार मी तेव्हा पुरेसा केला नाही. त्या दुपारी काकींचा चेहरा पाहताना तो विचार मला सोडत नव्हता, आणि त्या तरुणीवर रागावण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे हेही मनात येत होते.

दुसरे ठिकाण लेबलाचे. व्हिडिओ मालवणीत, लेबल इंग्रजीत. काकी मराठी अक्षरे लावून वाचतात, इंग्रजी वाचत नाहीत. कोपऱ्यातले ते दोन शब्द त्यांच्या दृष्टीने सजावटीचा भाग होते. या व्हिडिओसाठी पैसे मिळाले होते, हे त्यांना माझ्याकडून कळले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी इन्फ्लुएन्सरांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हा खुलासा शिफारशीच्याच भाषेत असावा असे म्हटले आहे. ते वाक्य तिच्या नजरेतून निसटले होते. मला मात्र या संपूर्ण प्रकरणात तेच सर्वांत मोलाचे वाटते, कारण खुलासा नेमका कोणापर्यंत पोहोचायला हवा हे त्याच वाक्यातून कळते.

मी काकींना कुडाळला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि संध्याकाळी तरुणीला दुकानात बोलावून घेतले. डबी तिच्यासमोर ठेवली, काकींचा त्यांच्या परवानगीने काढलेला फोटो दाखवला. ती रडली नाही. डबी उलटीपालटी करून तिने विचारले, "ताई, मी ही पाठची बाजू तेव्हा बघितली कशी नाही?" दोन दिवसांनी डॉक्टरांचा कागद आला. स्टिरॉइडमुळे चेहऱ्याला झालेली हानी, असे निदान त्यांनी चेहरा पाहून आणि वापराचा इतिहास ऐकून लिहिले होते.

त्या शनिवारी तिच्या घरी ओटीवर आम्ही बसलो: ती, तिचे आईवडील आणि मी. वडिलांचे म्हणणे असे की व्हिडिओ काढून टाकावा, काकींच्या औषधाचा खर्च द्यावा आणि विषय संपवावा. नोकरी करणाऱ्या, लग्नाच्या वयाच्या मुलीने कंपनीशी वैर घेऊ नये. हे म्हणणे भित्रेपणाचे नव्हते, त्यात बापाची काळजी होती. पण व्हिडिओ काढल्याने कोणाच्या कपाटातली डबी नाहीशी होणार नव्हती. ज्यांनी ती घेतली होती त्यांना तो व्हिडिओ पुन्हा बघायचा नव्हताच. त्यांना फक्त रोज रात्री क्रीम लावायची होती. अखेर आईने विचारले, "काकी आपल्याकडे इली म्हणान समाजला. मुंबयक आसत त्यांका कोण सांगतला?" त्यानंतर वडिलांनी विरोध केला नाही.

दुरुस्तीचा व्हिडिओ कसा असावा, यावर आमचे दोन दिवस गेले. तिच्या पहिल्या मसुद्यात "या क्रीममध्ये स्टिरॉइड आहे" असे वाक्य होते. मी ते खोडायला लावले. डॉक्टरांचे निदान आमच्या हाती होते, डबीतल्या क्रीमचा प्रयोगशाळेतला अहवाल नव्हता. संशय कितीही दाट असला तरी जे तपासलेले नाही ते तपासल्यासारखे सांगणे ही मूळ चुकीचीच पुनरावृत्ती ठरली असती, फक्त उलट दिशेने. म्हणून जे तिला स्वतःला ठाऊक होते तेवढेच, तिच्याच तोंडी, व्हिडिओत राहिले. डबीवर घटकांची यादी नाही. परवान्याचा क्रमांक नाही. भारतात तयार होणाऱ्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर परवान्याचा क्रमांक आणि, अगदी लहान पॅक सोडले तर, घटकांची यादीही असणे बंधनकारक आहे. मी ते पाहिले नाही. मी फक्त नऊ दिवस वापरून शिफारस केली. त्याचे १२ हजार रुपये घेतले. ही क्रीम वापरणाऱ्या एका बाईच्या चेहऱ्याला गंभीर त्रास झाला असून डॉक्टरांनी तो स्टिरॉइडमुळे झाल्याचे लिहिले आहे. जुन्या रीलचा तुकडा तिने सुरुवातीला लावला, कारण बघणाऱ्याला डबी ओळखता यायला हवी होती. जुनी रील काढून टाकली आणि नवा व्हिडिओ खात्याच्या अगदी वर ठेवला. बोलणे मालवणीत होते आणि तेच मराठी अक्षरांत खाली लिहिलेले होते.

व्हिडिओचा मोठा भाग मात्र कबुलीचा नव्हता. डबी घरात असेल तर आता काय करायचे, हे त्यात होते, आणि मला वाटते तीच त्याची खरी उपयुक्तता होती. क्रीम बंद केल्यावर चेहरा लाल होऊन जळजळ होऊ शकते, त्याला घाबरून पुन्हा ती लावू नका. दुसरी कुठलीही उजळवणारी क्रीम, लिंबू, हळद, बेसन, काहीही वर चढवू नका. डबी टाकून न देता डॉक्टरांकडे घेऊन जा. पाय सुजत असतील किंवा लघवीला फार फेस येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हे शेवटचे वाक्य मी घालायला लावले. बेकायदा गोरेपणाच्या क्रीमांत पाराही असतो, आणि केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांचा अशा क्रीमांशी असलेला संबंध नुकताच दाखवून दिला होता. २२ रुग्णांपैकी १५ जणांत एका विशिष्ट प्रकारचा विकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाच्या क्रीम वापरत होते. आपल्या डबीत पारा आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि यादीच नसलेल्या डबीची अडचण नेमकी हीच असते.

आठवडाभरात ४१ बायकांनी तिला निरोप पाठवले. त्यांतल्या सहा जणींना काकींसारखाच त्रास होता. दोघी ठाण्यात, एक पुण्यात, बाकीच्या जिल्ह्यातल्या. तिने कोणालाही औषध सुचवले नाही. प्रत्येकीला जवळचा त्वचारोगतज्ज्ञ शोधून दिला आणि दहा दिवसांनी पुन्हा विचारले. शिव्याही आल्या, जुने फॉलोअर गेले. कंपनीला तिने १२ हजार परत पाठवले, त्यावर करारातले 'वर्षभर प्रतिकूल मत मांडणार नाही' हे कलम दाखवणारी नोटीस व्हॉट्सॲपवर आली. कुडाळच्या एका वकीलबाईंच्या सल्ल्याने तिने उत्तरात फक्त उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि घटकांची संपूर्ण यादी मागितली. पुढे काहीही आले नाही. आम्ही लेखी तक्रार स्वतंत्रपणे केली.

कायद्याची बाजू इथे थोडक्यात सांगते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारस करण्यास मनाईही होऊ शकते. मात्र त्याच कलमात अशीही तरतूद आहे की शिफारस करणाऱ्याने दाव्याची सत्यता पडताळण्यासाठी योग्य ती काळजी घेतली असेल तर त्याला दंड होत नाही. नऊ दिवस चेहऱ्याला लावून पाहणे म्हणजे पडताळणी नव्हे, हे तिला कलम वाचताना उमगले. अनुभव आणि पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या क्षेत्रातल्या बहुतेक प्रामाणिक मुलींचा घोटाळा इथेच होतो असे माझे निरीक्षण आहे. त्या खरेच वापरतात, खरेच सांगतात, आणि तेवढे पुरेसे समजतात.

त्यानंतरची तिची कामाची पद्धत मी जवळून पाहत आले आहे. डबी आली की चेहऱ्याला लावण्याआधी ती यादी उतरवून काढते. परवाना क्रमांक, बॅच, उत्पादकाचा पत्ता, आणि 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' असे लिहिले असेल तर काय तपासले, किती जणांवर, किती दिवस, हे लेखी विचारते. या प्रश्नावरच निम्म्याहून अधिक कंपन्या गप्प होतात. उत्तर आले तर किमान बारा आठवडे वापर होतो, कारण रंगावर किंवा डागांवर सौम्य घटकांचा परिणाम त्याआधी प्रामाणिकपणे दिसतच नाही. व्हिडिओ सुरू होताच ती तोंडी सांगते, "ह्यो व्हिडिओ करूक माका कंपनीन पैसे दिल्यान हत." जाहिरात परिषदेच्या नियमानुसार १५ सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओत लेबल एकतृतीयांश वेळ दिसावे लागते, ती पूर्ण वेळ ठेवते, मराठीत. फुकट आलेल्या वस्तूंची वही आहे. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या अशा लाभांवर १० टक्के कर कापण्याची तरतूद आली आणि वस्तू परत केली तर ती लाभात धरली जात नाही. करापुरते नव्हे, तर घरात ओशाळेपणा साठू नये म्हणूनही ती बहुतेक वस्तू परत पाठवते.

याची किंमत तिने मोजली आहे. सनस्क्रीनच्या एका अफिलिएट लिंकवर तिला बरे कमिशन मिळत होते. तेव्हा तिने हिशेब मांडणारा व्हिडिओ केला: चेहरा आणि मान यांना दोन बोटांवर मावेल एवढी सनस्क्रीन लागते, एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के, पण हे आकडे एवढ्या मात्रेलाच लागू आहेत, घाम गाळत उन्हात बसणाऱ्या बाईला ती दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन आठवडेसुद्धा पुरणार नाही. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी आधी मोठी छत्री घ्यावी, बसायची जागा बदलावी, आणि उरलेल्या पैशांत निदान वांग असलेल्या गालांना पुरेशी सनस्क्रीन लावावी. त्या महिन्यात लिंकवरची विक्री जवळजवळ थांबली. बाजारात मात्र तीन नव्या छत्र्या उभ्या राहिल्या, त्या मी रोज पाहते.

एका गोष्टीवर आमचा मतभेद आहे. माझे म्हणणे असे की तिने पैसे घेऊन शिफारस करणे पूर्ण थांबवावे. ती म्हणते, "ताई, पैसे घेऊन तुम्ही दुकान चालवताच ना, मग मी फुकट का करायचं?" तिचे म्हणणे मी खोडून काढू शकलेले नाही. तिने जाहिरातींचे उत्पन्न एकूण कमाईच्या एकतृतीयांशावर बांधून घेतले आहे आणि कारखान्याची नोकरी सोडलेली नाही, म्हणजे एखादे काम नाकारताना घरखर्चाचा विचार आड येत नाही. हा उपाय पगाराची नोकरी असलेल्या मुलीलाच जमणारा आहे, हे तिलाही मान्य आहे.

काकींच्या उपचाराला मासेमारी बंदीचे दोन महिने उपयोगी पडले. बाजार थंड असल्यामुळे त्या उन्हापासून लांब राहिल्या आणि दर पंधरवड्याला कुडाळला जाऊ शकल्या. लाली ओसरायला दिवाळी उजाडली. गालांवरचे वांग पूर्वी होते तसेच परत दिसू लागले. डॉक्टरांनी ते सावकाश, जमेल तेवढेच कमी होईल असे सांगितले आहे. त्या तरुणीशी त्या सुरुवातीला चार महिने बोलत नव्हत्या. नंतर एकदा तिच्या घरी स्वतःहून बांगडे देऊन आल्या, एवढेच मला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी तिच्याकडे एक फेस सिरम आले. यादी होती, परवाना होता, वेष्टन देखणे होते आणि मोबदला ३० हजार होता. कंपनीला व्हिडिओ पंधरा दिवसांत हवा होता. यादीतल्या एका वनस्पती-अर्काचे प्रमाण आणि सातत्याने वापरल्यास तो सुरक्षित असल्याची चाचणी तिने मागितली. 'गोपनीय' असे उत्तर आले. तिने पुन्हा विचारले, आणि बारा आठवड्यांची अटही कळवली. दिवाळी आली, गेली. ती बाटली, सील न फोडलेली, परत पाठवण्याचा पत्ता अजून न आल्यामुळे माझ्या दुकानाच्या खणात आहे.